एलियाहू येईल तेव्हा विचारू

नोव्हाय, मिशिगन
३ डिसेंबर २०२४

प्रिय मिल्कामावशी,

नमस्कार. पाकिटावरचं नाव वाचून ही कोण बाई, असं वाटलं असेल. मी राधिका. ठाण्याला तुमच्या शेजारच्या दारातली, दोन वेण्यांची, शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे दिवे लागले की येऊन बसणारी. आता वेण्या गेल्या, चाळिशी आली. नोव्हायला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. नवरा सुशांत आणि दहा वर्षांची मुलगी आन्या, असे आम्ही तिघं. तुमचा एडिसनचा पत्ता आईने दिला. फोन नंबरही दिला, पण म्हणाली, मिल्काला फोनवर ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, तू पत्रच लिही. शाळा सुटल्यापासून मराठीत पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

कारण असं की मी एक नवस बोलून बसले आहे, आणि तोही तुमच्या माणसाला.

उन्हाळ्यात सुशांतची नोकरी गेली. आमचं इथलं राहणं त्याच्या व्हिसावर, माझं कामही त्याच्याच आधारावर. वेळेत दुसरी नोकरी मिळाली नसती तर घर, आन्याची शाळा, सगळं गुंडाळून निघावं लागलं असतं. गणपतीला सांगून झालं, दत्ताला सांगून झालं, आईने तिकडे सत्यनारायण बोलून ठेवला. एके दिवशी ऑफिसमधून येताना सिग्नलला गाडी थांबवून मी रडत होते आणि एकदम तोंडातून निघून गेलं, ‘एलियाहू हनाबी, सुशांतला नोकरी लागू दे, मी मलिदा करीन.’

हे कुठून आलं ते देव जाणे. सॅमकाका हॉस्पिटलमधून बरे होऊन आले तेव्हा तुम्ही मलिदा केला होता आणि माझ्या ओंजळीत घातला होता. ओला नारळ, वेलची, गोड पोहे. तुमच्या भिंतीवरचं चित्रही आठवलं, आगीच्या रथातून ढगात निघालेले दाढीवाले. लहानपणी ते मला सूर्यनारायण वाटायचे. तुमचं लक्ष नसताना मी नमस्कारही करायचे.

तर नोकरी लागली. आता नवस फेडायचा आहे. परवा आन्याने विचारलं, “आई, हू इज धिस गाय? इज ही वन ऑफ अवर्स?” मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला काहीच माहीत नाही. मला आजवर वाटत होतं की ते अलिबागकडचे कुणी संत असावेत. ज्यांनी आम्हाला या देशात ठेवलं त्यांच्याबद्दल एक वाक्य सांगता येऊ नये, याची लाज वाटली.

तेव्हा मावशी, सांगा. ते कोण होते? आम्ही तुमच्या धर्माचे नाही, तर आमच्या हातचा मलिदा चालेल का? आणि करतात कसा?

तुमचा आरोनदादा कुठे असतो? माझ्या सायकलची चेन तोच बसवून द्यायचा.

तुमची
राधिका

*

एडिसन, न्यू जर्सी
१२ डिसेंबर २०२४

राधिके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी हसायला, मग नीट. तू दिव्यांसाठी यायचीस हे तुझ्या आईला सांग, मला नको. दिव्यांमागून माशाचं कालवण यायचं, नारळाच्या रसातलं, आणि तुमच्या घरात मासे शिजत नव्हते.

अलिबागचा संत! सॅम असता तर हसता हसता खुर्चीतून पडला असता. पण तू अगदीच चुकलेली नाहीस. आम्ही बेने इस्राएल लोक कोकणच्या किनाऱ्याला लागलो त्याला किती शतकं झाली कुणास ठाऊक. आमच्यात अशी श्रद्धा आहे की एलियाहू हनाबी तिथे येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळं म्हणून गाव आहे (घाटातलं नव्हे), तिथल्या खडकावर रथाच्या चाकाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. मी लहानपणी त्यांत बोटं घालून पाहिली आहेत. दगड गरम होता, एवढंच मला नक्की सांगता येईल.

आता तो कोण. हनाबी म्हणजे नबी, संदेष्टा. अडीच हजार वर्षांहून जुना माणूस, तिकडे इस्राएलमधला. अंगावर केसाळ वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, घरदार नाही. राजा होता अहाब. त्याने राणीच्या नादाने बाल नावाच्या दैवताची पूजा मांडली आणि गरिबांच्या जमिनी लाटल्या. एलियाहू सरळ राजापुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी सांगेपर्यंत पाऊस पडणार नाही. आणि पडला नाही! मग राजाची माणसं मागे लागली. देवाने त्याला एका ओढ्याकाठी लपवलं आणि कावळ्यांना हुकूम केला, याला सकाळ-संध्याकाळ खायला नेऊन द्या. ओढा आटला तेव्हा तो एका परक्या गावात, परक्या धर्माच्या विधवेकडे गेला. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत चमचाभर तेल उरलं होतं. म्हणाला, आधी माझ्यासाठी भाकर कर. तिने केली. त्यानंतर दुष्काळ संपेपर्यंत ते पीठ संपलं नाही, तेलही संपलं नाही. परक्या बाईच्या हातचं त्याला चाललं, तेव्हा तुझ्या मलिद्याची काळजी सोड.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. आम्ही त्याची पूजा करत नाही. प्रार्थना एका देवाची, नवस त्यालाच. हनाबी निरोप्या. पोस्टमन दारात आला की आपण त्याला पाणी विचारतो, आभार मानतो, पण पत्राचं उत्तर त्याला लिहीत नाही.

तो मेला नाही. आगीचा रथ आला आणि तो जिवंतपणी वर गेला, तेच तुझं चित्र. म्हणून तो अजून येतो-जातो असं आम्ही धरून चालतो. मुलाच्या सुंतेला त्याच्यासाठी खुर्ची मांडतो, पेसाहच्या सणाला त्याच्या नावाचा पेला भरून दार उघडतो. म्हणतात, तो कधी भिकारी होऊन येतो, कधी वाटसरू. शिवाय शहाण्यांना न सुटलेले सगळे प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवलेले आहेत. माझे वडील उत्तर सुचलं नाही की म्हणायचे, ‘एलियाहू येईल तेव्हा विचारू.’ माझ्या लहानपणी त्याच्यासाठी इतके प्रश्न साठले होते की तो येऊन परत जाईल अशी मला भीती वाटायची.

मलिदा सोपा आहे. पोहे धुऊन निथळत ठेव. ओला नारळ, वेलची, जायफळ, बदाम, मनुका घाल. साखर अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं, आणि चाखून घाल. भोवती फळं मांड, खजूर हवाच. गुलाब असू दे, त्याचा वास घ्यायचाही आशीर्वाद असतो. बारा फेब्रुवारीला सूर्य मावळला की आमचं झाडांचं नववर्ष लागतं. आमच्यात तो हनाबीचा दिवस, त्या संध्याकाळी कर. हिब्रूतले आशीर्वाद म्हणायला दहा पुरुष मिळाले तर उत्तम, नाही तर एक तरी जाणता शोध.

आरोन बरा आहे. कामात असतो.

तुझी
मिल्कामावशी

*

नोव्हाय
५ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

तुमचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आन्याने जेवण थांबवून ऐकलं, आणि ही गोष्ट आमच्या घरात घडत नाही.

तिचे प्रश्न लिहून पाठवते. कावळ्यांनी आणलेलं अन्न उष्टं नाही का? (मला वेगळीच गंमत वाटली. आमच्याकडे कुणी गेलं की आपण कावळ्याची वाट बघत बसतो. इथे कावळाच डबा घेऊन येतो.) पाऊस थांबवला तर राजाबरोबर साध्या लोकांनाही तहान लागली असणार, तो त्यांच्यावर अन्याय नाही का? आणि वेश बदलून येतो तर ओळखायचा कसा? हल्ली ती दारात येणाऱ्या प्रत्येक पार्सलवाल्याला पाणी विचारते. एक जण घाबरून गेला.

पुढे काय झालं तेही लिहा. पाऊस पडला का?

आता खरी बातमी. हिब्रू येणारा माणूस हवा म्हणून मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, जवळपास कुणी बेने इस्राएल आहे का? तासाभरात उत्तर आलं: आरोन पेणकर, फार्मिंग्टन हिल्स. मावशी! आरोनदादा माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहतो! मी त्याच्याच भागातल्या दुकानातून दूध आणते. तुम्ही सांगितलं का नाही? आपला भार दुसऱ्यावर पडू नये असं तुम्हाला नेहमी वाटतं, ते ठाण्यापासून माहीत आहे मला. पण हा काय परका आहे? उद्याच फोन करते त्याला.

राधिका

*

एडिसन
१० जानेवारी २०२५

राधिके,

आरोनला फोन करू नकोस.

हे पत्र पोचेपर्यंत तू केला असशील. लहानपणीही तू बेल वाजवून मग विचारायचीस, येऊ का. पण केला नसशील तर थांब, आणि का ते ऐक. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस.

नेथनचा, माझ्या नातवाचा, बार मिट्झवा झाला त्याला दोन वर्षं होऊन गेली. मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये उभा राहून धर्मग्रंथ वाचतो, तो समारंभ. मी इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पोहे, वेलची आणि चार नारळ घेऊन विमानाने गेले. सासूबाईंची पितळी परातही बॅगेत होती. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पार्टी होती. पहाटे उठून आरोनच्या स्वयंपाकघरात मलिदा केला. माझ्या नवऱ्याचा झाला, माझ्या मुलाचा झाला, आता नातवाचा.

हॉलमध्ये मी परात टेबलावर ठेवली. एक बाई आल्या, चांगल्या होत्या, आवडीने बघत होत्या. विचारलं, “हे हिंदू लोकांचं ऑफरिंग आहे का?” मी इंग्रजी जुळवते आहे तोवर आरोन आला. म्हणाला, “ओह, इट्स नथिंग, जस्ट समथिंग माय मॉम मेक्स.” आणि परात उचलून बाहेर घेऊन गेला. मी काचेतून पाहिलं, तो गाडीकडे चालला होता. बऱ्याच वेळाने परत आला. रात्री परात सिंकमध्ये होती, रिकामी. एवढा मलिदा जाणार कुठे? कचऱ्यात. ज्याच्यावर आशीर्वाद म्हणायचे ते अन्न माझ्या मुलाने लोकांच्या लाजेने कचऱ्यात टाकलं.

मी काही बोलले नाही. सकाळी परत आले. तो दर शुक्रवारी फोन करतो. मी म्हणते, ऐकू येत नाही रे, मशीन शिट्टी मारतंय, आणि ठेवते. शिट्टी मारतं हे खरं आहे. ठेवते ते त्यामुळे नाही. तेव्हापासून मी मलिदा केलेला नाही.

माझा एकुलता एक मुलगा आहे तो. मला राग आहे आणि मला तो हवाही आहे. हे दोन्ही घेऊन मी रोज चहा करते.

असो. आन्याचं राहायला नको. कावळ्याचं आणि तहानलेल्या लोकांचं उत्तर मला ठाऊक नाही. मीही विचारलं होतं, तेव्हा ते हनाबीच्या खात्यात. पुढचं सांगते. कर्मेल डोंगरावर त्याने बालच्या शेकडो पुजाऱ्यांना आव्हान दिलं: तुमच्या देवाला सांगा आग पाठवायला, मी माझ्या देवाला सांगतो. ते दिवसभर नाचले, ओरडले, काही झालं नाही. याने प्रार्थना केली आणि आभाळातून आग आली. मग पाऊसही आला. जिंकला ना? पण राणीने त्याला मारायची शपथ घेतली आणि हा एवढा मोठा माणूस वाळवंटात पळून गेला. एका झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, पुरे झालं, मला मरण दे. देव त्याला रागावला नाही, त्याने उपदेशही केला नाही. देवदूताच्या हाती गरम भाकर आणि पाणी पाठवलं. त्याने खाल्लं, झोपला, परत उठवून परत खायला घातलं. मला सगळ्या गोष्टीत हा भाग आवडतो.

मग तो होरेब पर्वतावरच्या गुहेत गेला. आधी डोंगर फोडणारा वारा आला, देव वाऱ्यात नव्हता. भूकंप झाला, देव त्यात नव्हता. आग आली, आगीतही नव्हता. त्यानंतर एक अगदी बारीक, हलका आवाज आला. तो ऐकून एलियाहूने तोंडावर वस्त्र ओढून घेतलं, कारण आता देव बोलत होता.

फोन करू नकोस.

मिल्कामावशी

*

नोव्हाय
१७ जानेवारी २०२५

मावशी,

तुमचं पत्र काल मिळालं. फोन मी सहा तारखेलाच केला होता. काय करू?

जे झालं ते जसंच्या तसं सांगते. मी म्हटलं, “आरोनदादा, मी ठाण्याची राधिका. मिल्कामावशींशी माझा पत्रव्यवहार चालू आहे, त्यांनी तुझी आठवण काढलीय.” तुम्ही असं लिहिलं नव्हतं, पण आई मुलाची आठवण काढतेच, असं मी धरून चालले. पलीकडे काही आवाजच नाही. मला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, “आईने? खरंच?” मी मलिद्याचं सांगितलं. मग म्हणाला, “येतो मी. नेथनला घेऊन येतो.”

आता त्याला नको म्हणू का? तुम्ही सांगाल तसं करते. मला फार वाईट वाटतं आहे.

आन्याला हे काही सांगितलेलं नाही. तिचा एकच प्रश्न आहे: एवढा वारा, भूकंप आणि आग झाल्यावर कान बधिर झाले असणार, मग तो बारीक आवाज त्याला ऐकू कसा आला?

राधिका

*

एडिसन
२३ जानेवारी २०२५

राधिके,

बोलावलेल्या पाहुण्याला नको म्हणत नाहीत. येऊ दे त्याला. आशीर्वाद त्याला चांगले येतात, त्याच्या वडिलांनी शिकवले आहेत. माझा विषय तू काढू नकोस.

आन्याला म्हणावं, ज्या बाईला दाराची बेल ऐकू येत नाही तिला हा प्रश्न विचारतेस? तोही राखून ठेव.

नारळ ताजा घे. फ्रीजरमधला नको.

मि.

*

नोव्हाय
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

परवा मलिदा झाला. तुमचा विषय मी काढला नाही, शपथ. पण तो निघाला. कसा ते सगळं सांगते.

दुपारपासून बर्फ पडत होता. मी ऑफिसला सुट्टी घेतली. नारळ ताजा मिळाला, सुशांतने तो गॅरेजमध्ये हातोडीने फोडला. आन्याने जेवणाच्या टेबलाशी एक जादा खुर्ची मांडली आणि तिच्यावर कागद चिकटवला: रिझर्व्ड. मी आगीच्या रथाचं चित्र प्रिंट करून फ्रेममध्ये घातलं, त्याला हार घातला, समोर उदबत्ती लावली. तुमचं पोस्टमनचं वाक्य पाठ होतं, तरी हात आपोआप गेले.

आरोनदादा आला. मी त्याला ओळखलं नसतं. केस पांढरे झालेत, पण चालणं सॅमकाकांचं. नेथन बापापेक्षा उंच. त्याने चित्र पाहिलं आणि हळूच विचारलं, “डॅड, आर वी प्रेइंग टू द पिक्चर?” मला धरणी दुभंगावी असं झालं. दादा हसला. त्याने फ्रेम अलगद उचलून खिडकीत ठेवली, हारासकट, आणि म्हणाला, “राधिका, ही इज अ गेस्ट. त्याला बाहेरचं दिसू दे.” उदबत्ती मीच विझवली. सुशांतने दादाचं ओलं जॅकेट नेमकं रिझर्व्ड खुर्चीवर टाकलं, त्यावरून आन्याने त्याला चांगलंच झापलं.

मग दोघांनी टोप्या घातल्या. दादाने आशीर्वाद म्हटले. प्रत्येक फळाचा वेगळा, मलिद्याचा वेगळा, गुलाबाचा वेगळा. मला एक शब्द कळत नव्हता, पण हनाबीचं गाणं सुरू झालं आणि ती चाल मला येत होती! तुमच्या बंद दाराबाहेर उभी राहून मी ती ऐकलेली होती. नेथनला चाल नवी होती. त्याने विचारलं, ही आपल्या सिनेगॉगमध्ये का नाही म्हणत? दादा म्हणाला, “ही आजीकडची आहे.”

मग मी मलिदा वाढला. दादाने पहिला घास घेतला आणि थांबला. नेथनने घेतला आणि बापाकडे पाहिलं. मी विचारलं, बरा झालाय ना? दादा म्हणाला, “राधिका, तू चाखला होतास का?”

आता मावशी, देवाला दाखवायचं अन्न आधी चाखायचं नाही हे माझ्या हाडात आहे. तुम्ही चाखून घाल लिहिलं होतं, मी ते वाचलं आणि सोडून दिलं. साखर शेवटी घालायची होती. शेवटाला बेल वाजली, मी दार उघडायला गेले आणि साखर ओट्यावरच राहिली. एवढा नवसाचा मलिदा अगोड निघाला!

सगळे हसलो. दादा सगळ्यांत जास्त हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबेना. तो त्या रिझर्व्ड खुर्चीवर बसला आणि आन्याने त्याला बसू दिलं. मी साखर आणून घातली, कालवली. तो म्हणाला, “आईच्या मलिद्याला कधी साखर कमी नसायची. लास्ट टाइम मी पूर्ण परात खाल्ली, यार. गाडीत बसून.”

तो आपणहून बोलत गेला. त्या दिवशी हॉलमध्ये कुणीतरी काहीतरी विचारलं आणि त्याला एकदम लाज वाटली. तिथली माणसं आधीच त्याला विचारायची, इंडियात ज्यू असतात का, तू नंतर ज्यू झालास का. नेथनच्या दिवशी परत तेच ऐकायचं नव्हतं. परात उचलून तो गाडीत जाऊन बसला. डिकीत ठेवणार होता. पण गाडीभर वेलचीचा वास सुटला आणि त्याला स्वतःच्याच वागण्याची इतकी लाज वाटली की परात मांडीवर घेऊन तो हातानेच खायला लागला. पोट दुखेपर्यंत खाल्ला. उरला तो डब्यात भरून गॅरेजच्या फ्रीजमध्ये लपवला आणि आठवडाभर ऑफिसला जाताना खाल्ला. मावशी, त्याने एक कणही टाकला नाही.

मी विचारलं, हे मावशींना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “कसं सांगू? फोनवर तिला ऐकू येत नाही. तीन शब्द बोलतो आणि फोन कट होतो. ईमेलवर हे लिहायचं? आणि मराठीत लिहायला बसलो की शाळेतला निबंध होतो.” त्याला वाटतं तुमचे कान फारच गेलेत. तो तुमच्यासाठी नव्या मशीनची चौकशी करत होता. तुम्ही फोन का ठेवता ते मी सांगायचं नव्हतं.

जाताना त्याने उरलेला मलिदा मागून घेतला. आमचा नवस फिटला असं तो म्हणाला. मला मात्र अजून फिटल्यासारखं वाटत नाही.

तुमची
राधिका

*

एडिसन
९ मार्च २०२५

राधिके,

तुझी दोन्ही पत्रं आली. दुसऱ्यात तू विचारलंस, मी रागावले का. रागावले नव्हते, म्हणून लिहीत नव्हते. रागावले असते तर त्याच दिवशी लिहिलं असतं.

तुझं मोठं पत्र वाचून मी परात काढली. दोन वर्षं कपाटाच्या वर कागदात गुंडाळून ठेवली होती. चिंच लावून घासली. सबंध वेळ मला माझं लेकरू दिसत होतं, एवढा मोठा बाप्या, सुटाबुटात, गाडीत बसून हाताने मलिदा खाणारं. मी काचेतून पाहत होते ना, गाडीकडे जाताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. आणखी थोडा वेळ पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण मला आधीच सगळं कळलं होतं.

मग शुक्रवार आला. मी दिवे लावले आणि फोनजवळ बसले. त्याची वेळ झाली, फोन आला. मशीनने शिट्टी मारली. मी म्हटलं, “आरोन, बोल.” तो बोलायला लागला. राधिके, मला खरंच काही ऐकू आलं नाही. इतके दिवस खोटं सांगत होते, त्या दिवशी ते खरं झालं. शिट्टी, खरखर, मध्येच एखादा शब्द. ‘परात’ आला, ‘गाडीत’ आला, एकदा ‘आई’ आलं. मी मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि फोन नुसताच कानाला लावला. पार लांबून काहीतरी हलत असल्यासारखा आवाज येत होता. किती वेळ ते माहीत नाही, पण दिवे जवळजवळ संपत आले होते. मी फोन ठेवला नाही.

शेवटी मी म्हटलं, “मला काही कळलं नाही रे, पण मी होते.” त्यानंतर त्याने जे केलं ते मात्र कळलं. तो रडला की लहानपणापासून नाकाने हुंकार देतो. तो मला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा.

आन्याला सांग, तिचा एक प्रश्न हनाबीच्या खात्यातून काढला तरी चालेल. तो बारीक आवाज ऐकू कसा आला ते मला माहीत नाही, पण एलियाहू तिथून हलला नसेल एवढं नक्की. बाकी कावळे आणि तहानलेली माणसं राहू देत. आम्हा दोघांत आधी कुणी बोलायला हवं होतं, हाही प्रश्न मी त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. त्याचं उत्तर घेऊन तो सावकाश आला तरी चालेल.

येत्या रविवारी मी डेट्रॉइटला उतरते. आरोन न्यायला येणार आहे. परात हातातल्या बॅगेत असेल, चेकइन करणार नाही. सोमवारी संध्याकाळी तुम्ही तिघं त्याच्या घरी या. त्या हॉलमधल्या बाईंनाही बोलवायला सांगितलं आहे, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

आणि साखर मी घालीन. तू फक्त चाखायला ये.

तुझी
मिल्कामावशी